मागच्या सीटवरचा वास

"वास येतोय म्हणजे येतोय," मगदूम मॅडम म्हणाल्या. "तिसऱ्यांदा आलेय मी. आता कुणी मला पाणी प्या, काच खाली करून बसा, असलं काही सांगू नका."

त्यांना सातवा महिना लागला होता. एक हात कमरेवर आणि दुसरा गाडीच्या दारावर ठेवून त्या उभ्या होत्या. त्यांचे मिस्टर आमच्या शेठकडे बघून हसले. मिरजेतल्या उन्हात ते हसणं मला जास्तच लागलं.

"हिला घरात फोडणीचाही वास सहन होत नाही," मगदूम साहेब म्हणाले. "काल म्हणाली, शेजारच्यांच्या साबणाचा वास येतोय. दिवस गेले की बायकांचं नाक असं होतं म्हणे. तुम्ही एकदा सांगा हिला, म्हणजे सुटलो."

"आणि तो दिवा?" मॅडमनी विचारलं. "दिव्यालापण दिवस गेलेत का?"

मला हसू आलं, पण मी हसलो नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. तो याआधी दोनदा लागला होता आणि दोन्ही वेळा आम्ही तो घालवून दिला होता.

आमचे शेठ म्हणजे आवटी शेठ. गॅरेज त्यांचं, पण गॅरेजचं नाव चालायचं ते दस्तगीर मुजावर यांच्या नाकावर. चाचा म्हणत सगळे त्यांना. तीस-पस्तीस वर्षं इंजिनं उघडून त्यांचं नाक असं तयार झालं होतं, की नुसतं दार उघडून ते सांगायचे, क्लच जळालाय, ब्रेकचं तेल गळतंय, कूलंट आत येतंय. सांगलीपासून जयसिंगपूरपर्यंत लोक म्हणायचे, मशीन चुकेल, मुजावर मिस्त्री चुकणार नाही. वासाची तक्रार आली की त्यांची एक ठरलेली पद्धत होती. ते मागच्या सीटवर जाऊन बसत, काचा वर करत, डोळे मिटून शंभर आकडे मोजत आणि मग निकाल देत. शेजारी मला बसवत. डोळे उघडले की आधी हमखास माझ्याकडे बघत आणि मग बोलत. मला वाटायचं, हिणवतात. बघ रे मशीनवाल्या, असं.

मी मशीनवालाच होतो. भूपाल चौगुले, कुपवाडचा, डिप्लोमा झालेला. गाडीतला बिघाड वाचणारा गॅरेजमधला एकुलता एक स्कॅनर माझ्या ताब्यात होता आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर बसलेलाच असायचा.

"चाचांनी बघितलंय ना पहिल्या वेळी?" आवटी शेठ मला म्हणाले. "काय म्हणाले हुते?"

"वास नाही म्हणाले होते."

"मग संपलं की. टाकीच्या झाकणाचा रबर पूस, दिवा घालव आणि गाडी दे. शुक्रवारी त्यांना जायचंय."

"शुक्रवारी कुठे?" मी विचारलं.

"सोलापूरला, माहेरी," मॅडमच म्हणाल्या. "गुरुवारी इथं डोहाळेजेवण आहे. शुक्रवारी सकाळी निघायचं. चार-पाच तास मागच्या सीटवर. मला पुढं बसू देत नाहीत."

मला जे काय झालं ते तिथे झालं. चार-पाच तास. उन्हात. काचा वर, एसी चालू, भरलेली टाकी सीटच्या खाली. मी शेठना म्हणालो, "मी दिवा घालवणार नाही."

"काय?"

"दोनदा घालवला, तेवढं पाप पुरे झालं. शेठ, ही गाडी उगाच बोंबलत नाही. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठवतात आणि नंतर इंजिन ती ओढून जाळतं. तो सगळा मार्ग बंद करून गाडी स्वतःच तपासते, की दाब टिकतोय का. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिला कळतं. पण गाडी रात्रभर थंड हवी, टाकी साधारण अर्धी हवी, असं सगळं जुळून आलं तरच ती तपासते. म्हणून आपण दिवा घालवला की आठ-दहा दिवस ती गप्प बसते. आपण गळती काढत नाही, तिचं तोंड दाबतो."

"मग चाचांना वास का आला न्हाई?" शेठनी विचारलं.

"चाचांचं नाक म्हणजे काय देवाचा कौल आहे?"

हे मी जरा मोठ्यानेच बोललो. चाचा आतल्या बाजूला एका गाडीचं चाक काढत बसले होते. त्यांच्या हातातला पाना थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चाकाला लागले.

मगदूम साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला ऑफिसला जायचंय. काय ते ठरवा."

"तुम्ही जा," मॅडम म्हणाल्या. "मी इथंच बसते. आज काय ते कळूनच जाऊ दे. मी वेडी, की ही गाडी वेडी."

त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. साहेब रिक्षा करून गेले. शेठनी मला बाजूला घेतलं आणि दातओठ खात म्हणाले, "चारपर्यंत टाइम देतो तुला. गळती सापडली न्हाई, तर तू हितनं चालता हो. माझ्या मिस्त्रीचा गिऱ्हाइकासमोर अपमान करतोस व्हय रे?"

"सापडेल," मी म्हणालो.

धुराचं यंत्र विकत घ्या म्हणून मी वर्षभर शेठच्या मागे लागलो होतो. घेतलं नव्हतं. मग मी घरीच एक बनवलं होतं. रंगाचा जुना डबा, त्यात डिझेल गाडीचा एक ग्लो प्लग आणि तळाला लहान बाळाच्या अंगाला लावतात ते तेल. प्लग तापला की तेलाचा पांढरा दाट धूर होतो. हा धूर बंद मार्गात सोडायचा आणि बाहेर कुठे डोकावतो ते बघायचं. साध्या हवेने ढकलायचा नाही, कारण टाकीत पेट्रोलची वाफ असते. म्हणून शेजारच्या टायरवाल्याकडून नायट्रोजनची टाकी उसनी आणली. दाब अगदी कमी ठेवला, फुगा जेमतेम फुगेल इतका.

शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे आत अंधारून येईल आणि टॉर्चच्या झोतात धूर दिसेल. स्कॅनरवरून कोळशाच्या डब्याचं तोंड बंद केलं. बॉनेटखालच्या नळीतून धूर सोडला आणि वाट बघत बसलो.

आधी टाकीचं झाकण पाहिलं. कोरडं. शेठ म्हणत होते झाकण, झाकण. झाकणातून एक तंतूही आला नाही. मग इंजिनाकडच्या नळ्या पाहिल्या. काही नाही. गाडी लिफ्टवर चढवून कोळशाचा डबा पाहिला, प्रत्येक जोडावर टॉर्च धरून पाच-पाच मिनिटं उभा राहिलो. मान दुखून आली. काही नाही. साडेतीन वाजले. शेठ दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले.

चाचा एव्हाना जवळ येऊन उभे राहिले होते. त्यांच्या अंगाला अत्तराचा असा घमघमाट होता की माझं डोकं उठलं. अलीकडे हे नवीनच होतं. पूर्वी ईदेला कानामागे एक बोट फिरवणारा माणूस हल्ली रोज अत्तराची आंघोळ करून यायचा. गॅरेजमधले सगळे चेष्टा करायचे, चाचा, दुसरा निकाह काढला काय? ते हसून सोडून द्यायचे.

"राहू दे आता, भूपाल," ते हळूच म्हणाले. "शेठला मी समजावतो. काम सोडायची पाळी आणू नको."

"तुमची मेहेरबानी नको मला," मी म्हणालो. "तुमच्या एका शब्दावर ही बाई तीन वेळा फेऱ्या मारतेय. घरातले तिला खुळी ठरवायला लागलेत. तुमचं नाक मोठं, म्हणून तिचं खोटं!"

ते मागे सरून लिफ्टच्या खांबाला टेकले. तेही मला डाचलं.

मी गाडी खाली घेतली आणि मागच्या सीटची बैठक उपसून काढली. तिच्याखाली एक पत्र्याचं झाकण असतं, चार स्क्रूंचं. त्याच्या खाली टाकीचं वरचं तोंड, जिथून पेट्रोलचा पंप आत बसवलेला असतो. झाकण उघडलं, टॉर्च मारला, आणि तो दिसला. पंपाच्या कडेने, उदबत्तीच्या धुरासारखा, एकच बारीक तंतू वर येत होता. रबरी सीलला केसाएवढी चीर होती. टाकी भरलेली असली आणि ऊन चढलं, की याच चिरेतून वाफ सरळ मागच्या सीटवर येत असणार.

"मॅडम!" मी ओरडलो. "या इकडे! शेठ, या! बघा काय आहे ते!"

सगळे आले. झाकण उघडल्यामुळे पेट्रोलचा भपकारा सुटला होता. मॅडमनी ओढणी नाकाला लावली, पण डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच तो वास." शेठ दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी रुमाल काढला.

चाचा मात्र पुढे वाकले. त्यांनी चेहरा अगदी त्या भोकाशी नेला, वीतभरावर, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अत्तर. आणि गेल्या उन्हाळ्यात डब्यातली आंबलेली आमटी त्यांनी शांतपणे संपवली होती ती. मी शेजारी बसलो होतो, मला वासानेच मळमळलं होतं.

शहाण्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. गळती सापडली होती. बाई खरी ठरली होती. माझी नोकरी वाचली होती. पण मी दिवसभर नुसता पेटलेला होतो आणि रागाला तेवढ्याने भागत नाही. मी मागे गेलो, पाण्याच्या पिंपात एक स्वच्छ फडकं बुडवून पिळलं आणि सगळ्यांच्या देखत चाचांसमोर उभा राहिलो.

"चाचा, जरा याचा वास घ्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"माझ्याकडे नाही. डोळे मिटा. तुमची पद्धतच आहे ना ती? मिटा."

"भूपाल, खुळ्यासारखं करू नको," शेठ म्हणाले.

"मिटा चाचा!"

त्यांनी डोळे मिटले. मी फडकं त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी मोठा श्वास घेतला, मग आणखी एक. मॅडम, शेठ, दोन गाड्यांपलीकडचे कामगार, सगळे बघत होते.

"पेट्रोल," ते म्हणाले.

मी फडकं त्यांच्यासमोर पिळलं. स्वच्छ पाणी फरशीवर पडलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

चाचांनी डोळे उघडून ते पाणी पाहिलं. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. साथीत ताप आला हुता, तवापासनं वासच येत न्हाई. डॉक्टर म्हणाला येईल परत. आलं न्हाई. शेठ, मी सांगणार हुतो."

"आवं पण चाचा," शेठ म्हणाले आणि त्यांनी रुमाल खिशात कोंबला.

मी विजयी मुद्रेने मॅडमकडे वळलो. त्यांनी माझी पाठ थोपटावी असं मला वाटत होतं की काय, कोण जाणे. पण त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर वेगळीच होती.

"यांना वास येत नव्हता, हे कळलं," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या वेळी मागच्या सीटवर दोघं बसला होतात. मी बाहेरून बघत होते. तुमच्या नाकाला काय झालं होतं?"

मी हातातल्या फडक्याची घडी घालायला लागलो.

"दोन्ही वेळा मशीन लावून दिवा तुम्हीच घालवलात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वास आला होता का?"

आला होता.

पहिल्याच दिवशी आला होता. काचा वर झाल्या आणि विसाव्या आकड्यालाच मला स्पष्ट आला होता. त्या सकाळी शेठनी सगळ्यांसमोर मला सुनावलं होतं, की चाचांच्या आधी तोंड उघडायचं नाही, तू फक्त मशीन धर. मी आतून धुमसत होतो. वास आला तेव्हा मला आनंद झाला, हे सांगायला आजही जीभ अडखळते. म्हटलं, आता बघू या म्हाताऱ्याला कळतंय का. चुकला तर चुकू दे. मी खिडकीकडे तोंड फिरवून बसलो, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चाचा म्हणाले, काय बी न्हाई. मी गप्प. शेठ म्हणाले, दिवा घालव. मी घालवला. म्हटलं, गाडी येईलच परत, तेव्हा बघू. त्यात एक बाई बसणार आहे, पोटात लेकरू घेऊन, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. दुसऱ्या वेळी शिवला, पण तोवर उशीर झाला होता. आता सांगावं तर मागचं उघडं पडणार होतं. मी पुन्हा दिवा घालवला. दिवसभर मी ज्या रागाने पेटलो होतो, तो निम्मा माझ्यावरचाच होता. पण तो काढायला समोर चाचा होते.

मॅडम उत्तराची वाट बघत होत्या.

"त्याला काय विचारताय, मॅडम," चाचा मध्येच बोलले. "मी न्हाई म्हणल्यावर तो हाय म्हणंल व्हय? माझ्या हाताखालचा माणूस. मी सांगितलं म्हणून त्यानं दिवा घालवला. चूक माझी हाय. माफ करा."

त्यांनी हात जोडले. त्या बाईसमोर, पंचविशीतल्या पोरीसमोर, साठीच्या माणसाने हात जोडले. आणि मी ते जोडू दिले.

नवीन सील मी दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातून आणून बसवलं. पुन्हा धूर सोडून बघितला, तंतूही आला नाही. मॅडम शुक्रवारी सोलापूरला गेल्या. मुलगी झाली, असं पुढे मगदूम साहेबांकडून कळलं. गाडी मात्र त्यांनी आमच्याकडे परत कधी आणली नाही.

चाचाही आले नाहीत. पानेसुद्धा न्यायला आले नाहीत. आठ दिवस मी वाट पाहिली आणि नवव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, दर्ग्याच्या मागच्या गल्लीत. दारात चाची उभ्या राहिल्या.

"घरात न्हाईत ते," त्या म्हणाल्या.

उंबऱ्यापाशी चाचांच्या चपला होत्या. जुन्या टायरचा तळ त्यांनी स्वतः ठोकलेला, मिरजेत तशा दुसऱ्या नव्हत्या. मी त्या चपलांकडे बघत उभा राहिलो आणि मला पुन्हा संताप आला. त्यांचा आला, की ते भेटतही नाहीत. आणि मग माझा स्वतःचा इतका आला, की मी भर गल्लीत ओरडलो.

"चाचा! मला वास आला होता! पहिल्याच दिवशी आला होता!"

समोरच्या दारात दोन बाया बाहेर आल्या. चाचींनी पदर तोंडाला लावला. मी वळणार, इतक्यात पडद्यामागून आवाज आला.

"ठावं हाय मला. ध्यानात आलं नंतर."

"मग त्या दिवशी माझ्यावर पांघरूण कशाला घातलंत?"

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"दोन वर्षं मी तुझं तोंड बघूनच सांगत हुतो, भूपाल. नाक तुझं, शब्द माझा. तुला वास आला की तुझी डावी भुवई वर जाती. कधी चुकलं न्हाई. म्हणून तर तुला शेजारी बसवायचो. त्या दिवशी तू तोंड खिडकीकडं केलंस."

मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा होतो.

"मला वाटलं, वास नसंल," चाचा म्हणाले. "असता, तर तू बोलला असतास."

चाचींनी हळूच दार लोटून घेतलं.